खांद्यावरचा रफू

मास्तरांनी रफू केलेली जागा खुद्द मास्तरांनाही डोळ्यांनी सापडत नसे. बोटाने सापडे. कपडा टेबलावर पसरायचा, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं मधलं बोट मुंगीच्या चालीने कापडावरून न्यायचं. कुठेतरी केसाएवढा उंचवटा लागला की मास्तर म्हणत, "ही." गिऱ्हाईक मान डोलवायचं. त्याला काहीच दिसलेलं नसायचं, पण दिसलं असतं तर ते पुन्हा आलं नसतं.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ कोणीही लावतं. रफू करणारा त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो आणि फाटलेल्या जागी सुईने एक खालून, एक वरून, असं नवं कापड विणतो. मास्तर हे चाळीस वर्षं करत होते. त्यांच्या बायकोला त्यांच्यात दुसरा गुण कधी सापडला नव्हता. ती बिचारी शोधत शोधतच गेली.

दुकानाला लागून रस्ता, आणि रस्ता ओलांडला की पोलीस ठाणं. मास्तरांचं निम्मं काम तिथून यायचं. पोलिसांचे कपडे तीन जागी फाटतात, असा त्यांचा अभ्यास होता. काखेत जांभया देऊन, बुडाशी बसून बसून, आणि गुडघ्यावर. गुडघ्यावर का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. कपड्याला काय झालं तेवढं विचारायचं, माणसाला काय झालं ते विचारायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम होता. नियम चांगला होता. त्याच्यावर दुकान चाळीस वर्षं चाललं.

त्या सकाळी साडेआठला इस्त्री हवालदार आला. ठाण्यातल्या सगळ्यांचे कपडे नेण्या-आणण्याचं काम याच्याकडे. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याने एकही चोर धरला नव्हता, पण हँगर धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मास्तर, मोठ्या साहेबांचा आहे. अकराला वरून तपासणी यायचीय. साडेदहाला अंगात पाहिजे."

"दुसरा नाही का साहेबांना?"

"दुसरा भिजत घातलाय. डाग निघेनात."

मास्तरांनी शर्ट पसरला. डाव्या खांद्याजवळ वीतभर फाटलेला, आणि वरून दुसरं, तिसरं बटण गायब. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"हे खिळ्याने फाटलेलं नाही," ते म्हणाले. "खिळ्याने फाटलं की काटकोन पडतो. हे मुठीत धरून ओढलंय. हे बघा, चार ठिकाणी धागे ताणलेत. एक, दोन, तीन, चार. चार बोटं. साहेबांना कोणी लोंबकळलं होतं की काय?"

"होता एक नग," हवालदार म्हणाला. "आता शांत आहे."

मास्तर हसले. आपण हसलो, हे त्यांना पुढे बरेच महिने आठवत राहिलं.

त्यांनी शर्टाच्या घेराची दुमड उसवून आतून धागे काढले, अंगठ्याच्या पेराने ती चार बोटं हळूहळू दाबून, चोळून सपाट केली आणि विणायला घेतलं. जिन्यावरून अक्का खाली डोकावल्या. अक्का म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून मुलाला घेऊन दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायच्या.

"अरे, हा काल संध्याकाळचा गेलाय, अजून पत्ता नाही."

हा म्हणजे त्यांचा मुलगा. वय चौतीस, धंद्याने वायरमन, आणि सगळी गल्ली त्याला वायरमनच म्हणायची. आईसुद्धा रागावली की "अहो वायरमन, जेवायला येताय का?" म्हणायची.

"असेल कुठे तरी कामावर," मास्तर मान वर न करता म्हणाले. "शिडी घेऊन गेलाय ना? मग झालं. तो एक वेळ आईला विसरेल, शिडीला नाही."

"माझ्या मेलीच्या नशिबात सून नाही, शिडीच," म्हणत अक्का वर गेल्या.

सुईत धागा ओवायला मास्तर उजेडाकडे वळले, तेव्हा रस्त्यापलीकडे ठाण्याच्या आवारात भिंतीला एक शिडी टेकवलेली त्यांना दिसली. त्यांच्या मनात आलं, पंखे दुरुस्त करून घेताहेत वाटतं. उन्हाळा आलाच म्हणा. मग ते पुन्हा विणू लागले.

दहा वाजून वीस मिनिटांनी शर्ट तयार झाला. इस्त्री हवालदाराने तो दारात नेऊन उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"मास्तर, मानलं तुम्हाला. काही झालंच नव्हतं जणू!"

मास्तरांनी त्याला चहा पाजला.

साडेबाराला तोच हवालदार परत आला. या वेळी हातात हँगर नव्हता, टोपी होती. "मास्तर, तुमचा भाचा... म्हणजे आम्हाला काय माहीत..." एवढं बोलून तो दुकानातल्या स्टुलावर बसला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं. मास्तरांनी ते दिलं. तोवर त्यांना काही कळलं नव्हतं.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी वायरमन एका दुकानाचा दिवा लावत होता आणि त्याची शिडी रस्त्यावर हातभर पुढे आली होती. मोठ्या साहेबांची गाडी अडली. शिडी काढ म्हणाले. वायरमन वरून म्हणाला, "साहेब, मी शिडीवर आहे. आधी मी उतरतो, मग ती निघेल." यात उद्धटपणा कुठे आहे हे सामान्य माणसाला सापडायचं नाही, पण साहेबांना ते सापडलं. शिडी आणि वायरमन दोघांनाही ठाण्यात नेलं. शिडी भिंतीला टेकवून ठेवली. शिडीला काही झालं नाही.

"तो सारखा म्हणत होता, मी मास्तरांचा भाचा, मी मास्तरांचा भाचा," हवालदार रडवेल्या आवाजात म्हणाला. "आता मास्तर काय एक असतात? आम्हाला वाटलं, असेल कुठल्यातरी शाळामास्तराचा. शाळामास्तराच्या भाच्याला कोण विचारतं! तुमचं नाव घेतलं असतं ना, तर आम्ही त्याला खुर्ची दिली असती हो."

ठाण्याच्या म्हणण्याप्रमाणे वायरमनला बाक दिला होता. विचारपूस करून झाल्यावर तो बाकावर आरामात बसला होता, आणि सकाळी सातच्या सुमारास स्वतःहून पडला. बारा वर्षं विजेच्या खांबांवर चढणारा माणूस गुडघ्याएवढ्या उंचीच्या बाकावरून पडून मेला. इस्पितळाच्या कागदावर सात बरगड्या मोडल्याचं लिहिलं होतं. बाक एकच होता.

अक्का तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मास्तर त्यांच्यासमोर जमिनीवर जाऊन बसले.

"अक्का, साहेबांचा शर्ट त्या दिवशी सकाळी मी शिवला."

"नेहमीच शिवतोस."

"खांद्यावर फाटला होता. मुठीत धरून ओढलेला. चार बोटं उठली होती." मास्तरांनी आपली चार बोटं अक्कांच्या गुडघ्यावर टेकवली. "त्याची होती. मी अंगठ्याने पुसली."

अक्कांनी त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मास्तरांना वाटलं, आता ही मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग हे सांग," त्या म्हणाल्या. "जिथे सांगायचं असतं तिथे जाऊन सांग. मला कोणाला फाशी नको, भरपाई नको. मला कागदावर एक ओळ पाहिजे, तो पडला नाही म्हणून. माझं पोर बाकावरून पडण्याइतकं बावळट नव्हतं. एवढी ओळ आण."

जिथे सांगायचं असतं ते ठिकाण शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दारावर पाटी होती : 'पोलिसांच्या संपर्कात आल्यानंतर होणाऱ्या मृत्यूंसाठी चौकशी कक्ष.' अक्कांनी ती वाचली आणि विचारलं, "संपर्कात म्हणजे रे? गोवर-कांजिण्या असतात, तसं?"

"तसंच असावं," मास्तर म्हणाले.

सुनावणीची तारीख पाच महिन्यांनी लागली. कक्षाचे प्रमुख चौकशीसाहेब फार सज्जन होते. त्यांनी उठून अक्कांना खुर्ची दिली, खोकला आला तेव्हा त्यांच्यापुढे खडीसाखरेची डबी धरली, आणि "तुमच्या दुःखाची मला पूर्ण कल्पना आहे" असं इतक्या मनापासून म्हणाले की टाइपरायटरवर बसलेल्या टंकलेखिकेने ते चुकून टाइप केलं. साहेबांनी ते खोडायला लावलं. कक्षाची पद्धत अशी होती की साक्षीदाराने हवं ते बोलावं. कागदावर मात्र साहेब स्वतःच्या शब्दांत सांगतील तेवढंच जाईल, आणि साहेब फक्त कक्षाच्या डोळ्यांसमोर जे दिसेल तेच सांगत. ऐकीव गोष्टी लिहून कागद घाण करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. या तत्त्वापायी त्यांनी आजवर अडुसष्ट प्रकरणं निकालात काढली होती आणि एकाही माणसावर अन्याय होऊ दिला नव्हता; म्हणजे जिवंत माणसावर.

खोलीच्या मधोमध तो बाक आणून ठेवला होता. त्याच्या पायाला चिठ्ठी होती : 'वस्तू क्रमांक एक.' पलीकडे मोठे साहेब बसले होते. मास्तरांना पाहून ते ओळखीचं हसले. मास्तरांनीही सवयीने मान लववली, आणि मग ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना.

"बोला मास्तर," चौकशीसाहेब म्हणाले. "तुमचं म्हणणं काय?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. साडेआठची वेळ, हवालदार, खांदा, चार बोटं, दोन बटणं. टंकलेखिका हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"आणि तो शर्ट आता कुठे आहे?"

"साहेबांच्या अंगात आहे."

सगळ्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनीही स्वतःकडे पाहिलं.

"कशावरून हाच?"

"माप माझ्याकडचं आहे," मास्तर म्हणाले. "छाती चव्वेचाळीस. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण बोट उतरता. तिथे मी आतून एक जादा पट्टी देतो, म्हणजे सरळ दिसतो. अशी पट्टी दोनच शर्टांना आहे. दुसऱ्याला डाग आहेत."

मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला. आरोपामुळे नव्हे, खांदा उतरता असल्याचं चारचौघांत निघालं म्हणून. चौकशीसाहेबांनी त्यांची फार क्षमा मागून शर्ट उतरवायला सांगितला. बनियनवर बसलेला अधिकारी बघवेना, म्हणून शिपायाने त्यांच्या अंगावर टेबलावरचा हिरवा कपडा आणून घातला.

शर्ट टेबलावर पसरला. चौकशीसाहेबांनी भिंग घेतलं. खिडकीजवळ नेऊन पाहिला, दिव्याखाली पाहिला, उलटा करून पाहिला. टंकलेखिकेला बोलावलं, तिने पाहिलं. शिपायाने न बोलावताच पाहिलं.

"कुठे आहे?"

मास्तरांनी डोळे मिटले. मधलं बोट निघालं. खांद्यावरून उतरत, कॉलरच्या दिशेने, थांबलं.

"ही."

"इथे काहीच नाही," चौकशीसाहेब म्हणाले. आवाजात खरंखुरं वाईट वाटणं होतं.

"आहे साहेब. मी केलाय."

"तुम्ही केलाय असं म्हणता. पण दिसत तर नाही."

"माझं काम दिसत नाही," मास्तर म्हणाले. आयुष्यभर हे वाक्य त्यांनी छाती फुगवून म्हटलं होतं. "घेराची दुमड बघा. तिथले धागे काढलेत मी. वीतभर जागा विरळ झालीय."

साहेबांनी दुमड पाहिली. "विरळ आहे खरी. शर्ट किती जुना?"

"तीन वर्षं."

"लिहा," साहेब टंकलेखिकेला म्हणाले. "शर्ट तीन वर्षे जुना असून घेराशी वापराने विरळ झाला आहे. शर्ट अन्यत्र अखंड आहे."

खटखट, खटखट, खटखट. पाच महिन्यांत त्या खोलीत टाइप झालेलं हे वायरमनबद्दलचं पहिलं वाक्य.

अक्का उठल्या. त्यांनी कनवटीची पुरचुंडी काढली. "हे बघा. इस्पितळात त्याचे कपडे दिले, त्यासोबत दिलं. त्याची मूठ उघडली तेव्हा निघालं, असं तिथली नर्स म्हणाली." पुरचुंडीत एक पितळी बटण होतं, त्यावर पोलिसांचं चिन्ह. त्याला अजून दोन-तीन धागे लोंबत होते.

हिरव्या कपड्याच्या आत काहीतरी हललं.

चौकशीसाहेबांनी बटण हातात घेतलं, भिंगातून पाहिलं. "लिहा. मृताच्या मुठीत एक पितळी बटण, सरकारी मालकीचे, आढळले." ते थांबले, घसा साफ केला आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, "बाई, हे मी पुढे वाढवत नाही. सरकारी वस्तू विनापरवाना जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, पण तो आता हयात नाही. आपण त्याला माफ करू."

अक्का खाली बसल्या. बटण जमा झालं. त्याला चिठ्ठी लागली : 'वस्तू क्रमांक दोन.'

तेव्हा मास्तरांचं डोकं फिरलं. एरवी कात्री उचलण्याआधी तीनदा मोजणारा माणूस, पण तो एकदम टेबलाजवळ गेला.

"साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला परवानगी द्या. मी रफू उसवून दाखवतो. इथे, तुमच्यासमोर. खाली फाटलेलं निघालं तर मी खरा, नाही निघालं तर मला आत टाका."

मोठे साहेब काहीतरी बोलणार होते, पण चौकशीसाहेबांनी हात वर केला. "कक्षाला सत्यापलीकडे काही नको आहे. परवानगी आहे."

मास्तरांनी खिशातून सुई काढली. त्यांनी स्वतःचं काम कधी उसवलं नव्हतं. ते काम उसवता येईल असं केलेलंच नव्हतं. पाऊण तास लागला. एकेक धागा सुईच्या टोकाने वर उचलायचा, ओढायचा, बाजूला ठेवायचा. टंकलेखिका जवळ येऊन बघत होती. हळूहळू खांद्यावर कापडाने डोळा उघडावा तशी फट उघडली. बोटभर. दोन बोटं. मग वीतभर. मास्तर मागे सरले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर, पाच महिन्यांत पहिल्यांदा, उजेड.

"बघा," ते म्हणाले. "फाटलेला आहे."

"आहे," चौकशीसाहेब म्हणाले. ते खरोखर थक्क झाले होते. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. अक्कांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता ती ओळ येणार.

"लिहा," चौकशीसाहेब म्हणाले. "सकाळी अकरा वाजता कक्षाने तपासला तेव्हा शर्ट अखंड होता. पावणेबारा वाजता तोच शर्ट डाव्या खांद्यावर एक वीत फाटलेला आढळला. मधल्या काळात शर्ट तक्रारदाराच्या हातात होता."

खटखट, खटखट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"साहेब, ती चार बोटं..." मास्तर म्हणाले.

"कुठे आहेत?"

मास्तरांनी पाहिलं. फट होती. बोटं नव्हती. ती त्यांनी स्वतः अंगठ्याने पुसली होती, आणि मास्तर काम अर्धवट करणाऱ्यांपैकी नव्हते.

अहवाल दोन महिन्यांनी घरपोच आला. अक्कांना चाळिशीशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी वाचून दाखवला. मृत्यू दुर्दैवी होता. मृत व्यक्तीला व्यवसायामुळे मोठ्या उंचीची सवय असल्याने कमी उंचीचा अंदाज आला नसावा. बाकाला दोन कडा व चार पाय असल्याने सात बरगड्यांचा खुलासा होतो. अधिकाऱ्यांनी सुनावणीत अंगावरचा शर्टसुद्धा काढून देऊन जे सहकार्य केले, त्याची कक्ष नोंद घेतो. मात्र घडल्या प्रकाराची जबाबदारी निश्चित करणे आवश्यक असल्याने ती बाकावर निश्चित करण्यात येत आहे. बाकाचे पाय चार इंचांनी कापण्यात यावेत.

"कापले?" अक्कांनी विचारलं.

"कापले. काल सुतार आला होता. इथून दिसत होता."

"आणि ती ओळ?"

मास्तरांनी पान उलटलं. मागच्या बाजूला त्यांच्यासाठी ओळ होती. तक्रारदाराने कक्षासमोर सरकारी गणवेश फाडला आहे. त्याचे वय व नाते लक्षात घेऊन कारवाई न करता, त्याने तो सात दिवसांत पूर्ववत करून द्यावा. न दिल्यास दुकानाचा परवाना रद्द समजावा.

पूर्ववत हा शब्द मास्तरांनी दोनदा वाचला.

शर्ट घेऊन इस्त्री हवालदार आला, तो दारातूनच हँगर आत सरकवून गेला. त्याला चहा कोणी विचारला नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही. शर्ट सहा दिवस खुंटीवर होता. सातव्या दिवशी सकाळी अक्का खाली आल्या आणि मास्तरांसमोर दाभण ठेवलं. पोती शिवायचं, जाड. सोबत पांढऱ्या सुतळीची गुंडाळी.

"याने शिव," त्या म्हणाल्या. "परवाना जायला नको, दुकान बंद करून आपण खाणार काय? शिवलेला पाहिजे म्हणतात ना? शिवून दे. पण असा शिव की रस्त्यावरच्या पोरासोरांना दिसला पाहिजे. तो नोकरीत असेपर्यंत त्याच्या खांद्यावर माझं पोर दिसलं पाहिजे. कागदावर नाही तर कापडावर. एवढं तरी करशील?"

"करीन, अक्का."

"वचन?"

"वचन."

मास्तरांनी दाभण ओवलं आणि पहिला टाका घातला. ढोबळ, तिरका, सुरवंटासारखा. त्यांना बरं वाटलं. दुसरा घातला. तिसऱ्याला कापड चुणी धरून कॉलरकडे ओढलं जाऊ लागलं. हे काही बरोबर नव्हतं. दिसावा हे ठीक, पण लोकांनी म्हणायला नको की मास्तरांचा हात गेला. दिसायला हवा तर नीट दिसू दे. म्हणून त्यांनी सुतळी काढली आणि साधा पांढरा दोरा घेतला. पण दाभणाने पडलेली भोकं फारच वाईट दिसत होती. ती तेवढी आधी बुजवू, मग वरून पांढरा टाका घालू, असं त्यांनी ठरवलं. भोकं बुजवायची तर त्याच कापडाचे धागे हवेत. त्यांनी घेराची दुमड उसवली.

समोरच्या ठाण्यात कोणीतरी मोठ्याने बोलत होतं. एकदा हसणं ऐकू आलं. मास्तर खाली मान घालून विणत होते, एक खालून, एक वरून. मनात ते अक्कांना सांगत होते की झालंच आता, एवढं संपलं की पांढरा दोरा. ती भीती होती की सवय, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा चार वाजले होते आणि पांढरा टाका घालायला जागाच उरली नव्हती.

अक्का चहा घेऊन खाली आल्या. कप ठेवला, चाळिशी लावली, शर्ट पुढ्यात ओढला.

"कुठे रे?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि मधलं बोट खांद्यावर ठेवलं. बोट उतरलं, कॉलरपर्यंत गेलं, परत फिरलं. पुन्हा गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुठे थांबलं नाही.

अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला आणि स्वतःचं बोट ठेवलं. मग हाताचा तळवा ठेवला. मग दोन्ही हातांनी तो खांदा चाचपू लागल्या, अंधारात पोराचा ताप बघावा तशा.

"काय हरवलं, अक्का?" शर्ट न्यायला दारात आलेल्या इस्त्री हवालदाराने विचारलं.

मग त्याने अक्कांच्या हाताखालून शर्ट हलकेच सोडवून घेतला. दारात नेऊन उजेडात धरला. उलटा केला, सुलटा केला. मागचं सगळं विसरून त्याचा चेहरा कौतुकाने फुलला.

"मास्तर, काय हात आहे हो तुमचा! हा फाटला होता असं कोणी शपथेवर सांगितलं तरी माणूस विश्वास ठेवायचा नाही."

ते खरंच होतं. मास्तरांनी तशी शपथ घेऊन पाहिली होती.

"थांबा," ते म्हणाले, आणि शर्टाला चुणी पडू नये म्हणून त्यांनी तो पुन्हा नीट घडी घालून, कागदात बांधून दिला.